गुडघ्यावरचा रफू

सकाळी फिरताना कॉलेजच्या मैदानापाशी माझी पावलं हमखास रेंगाळतात. आज मुलींचा खो-खोचा सराव होता. बुटाची नाडी बांधत बसलेल्या एकीच्या ट्रॅकसूटवर पाठीला तिचं स्वतःचं नाव होतं. मी कौतुकानं विचारलं, तर म्हणाली, "आता कॉलेज मानधनही देतं, काकू."

"खेळायचेसुद्धा पैसे?" माझ्याबरोबरच्या शेजारच्या वहिनींनी नाक मुरडलं.

मला शैला आठवली. आमच्या वेळी ट्रॅकसूट कॉलेजचा असे. तोच घालून खेळायचं आणि स्पर्धा संपली की धुऊन, इस्त्री करून जिमखान्यात परत द्यायचा. शैला आमच्यात सगळ्यात चपळ. अंतिम सामन्यात तिनं सूर मारून शेवटचा गडी टिपला आणि ट्रॅकसूट गुडघ्यावर फाटला. जिंकलेली ढाल काचेच्या कपाटात गेली, कॉलेजला सुट्टी मिळाली. शैलानं नीट रफू केला आणि सरांना म्हणाली, "सर, एवढा मला राहू द्या ना."

सर हसले. "अगं, कॉलेजचं नाव आहे त्यावर."

पुढच्या वर्षी शैला नव्हती. घरासाठी ती साड्यांच्या दुकानात कामाला लागली होती. तिचा ट्रॅकसूट माझ्या वाट्याला आला. खाली बसलं की रफू टोचायचा. हौसेनं खेळायचे ते दिवस मला आजही हवेसे वाटतात. पण ती हौस मला परवडत होती, हे मात्र तेव्हा कळलं नाही.

वहिनी अजून पुटपुटत होत्या. समोर त्या मुलीनं सूर मारला, पडली, उठली आणि गुडघ्याकडे न बघताच पळत सुटली.