मोडीतला टाक

दुपारचे दोन वाजलेत. जेवण झालं आहे आणि मी हॉलमध्ये उघड्या फरशीवर आडवी झाले आहे, कारण पलंग सकाळीच विकला गेला. चारी बाजूंना खोकी. वर पंखा फिरतो आहे, तोही उद्या खालच्या मजल्यावरच्या कदमांकडे जाईल. डोळे मिटतात, उघडतात. खोकी कधी जवळ येतात, कधी लांब सरकतात. आतल्या खोलीत माझी लेक ऋजुता पुस्तकं भरते आहे. चिकटपट्टी ओढल्याचा आवाज येतो, मग येत नाही.

नवरा चार महिन्यांपूर्वीच ऑकलंडला गेला. तिथल्या दुधाच्या कारखान्यात त्याला नोकरी लागली. रोज फोनवर त्याचं एकच पालुपद: काय आणतेस, काय विकतेस? जहाजात आम्हाला जागा मिळाली आहे ती जेमतेम एका कपाटाएवढी. मी पंधरा वर्षं कराडच्या शाळेत भूगोल शिकवला, नकाशावर छडी टेकवून पोरांना न्यूझीलंड दाखवलं. पण तिथे आपलं पोळपाट-लाटणं न्यायचं की नाही, हे कुठल्याच धड्यात नव्हतं.

परात न्यायची हे मात्र पक्कं आहे. चांगली जाड आहे, अशी आता मिळत नाही. चांदीची मोड सकाळी एका डब्यात काढली: तुटकी पैंजणं, करंड्याचं झाकण, वाकडं निरांजन. आणि ऋजुता अंघोळीला गेली तेव्हा देवघरातला एक टाक त्यात गुपचूप सरकवला. चांदीच्या पत्र्यावर ठोकून काढलेली बोटभर बाई. संध्याकाळी सोनार येऊन सगळं वितळवायला घेऊन जाणार आहे.

तो टाक शालनचा. शालन माझ्या नवऱ्याची पहिली बायको. कावीळ होऊन गेली तेव्हा ऋजुता चौदा महिन्यांची होती. वर्षभरानं मी या घरात आले आणि सासूबाईंनी मंगळसूत्राच्या शेजारी सवतीचा टाक माझ्या गळ्यात घातला. आमच्याकडे तशी रीतच आहे, म्हणजे गेलेली त्रास देत नाही. सासूबाई गेल्या, मी तो काढून देवघरात ठेवला. ऋजुता चार वर्षांची असताना तिनं विचारलं, "ही कोण?" मी म्हटलं, "देवी." तेव्हापासून झाकली मूठ. आम्ही गाव सोडलं, नातेवाइकांना शपथा घातल्या, शाळेच्या दाखल्यावर माझंच नाव लागलं. आता ती एकोणीस वर्षांची आहे. परक्या देशात, चार भिंतींत आम्ही तिघंच असताना तिनं पुन्हा विचारलं, तर देवी म्हणून भागणार नाही. म्हणून मोडीत.

डोळे मिटतात.

"बाई, जरा सरक की. पाय आखडलं."

परातीच्या खोक्यात कोणीतरी बसलं आहे. वर्तमानपत्राचे बोळे बाजूला सारत एक मुलगी बाहेर येते. अंगावर अंजिरी शालू. तो शालू मी ओळखते. चेहऱ्याकडे बघायचं धाडसच होत नाही.

"ही परात नेतीयास?" ती विचारते.

"हो. जाड आहे."

"असंल की. माज्या लग्नाचा शालू दिऊन घेतलीस."

हे कोणालाच माहीत नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, दारात बोहारीण आली होती, आणि ट्रंकेच्या तळाशी तो शालू मला रोज खुपत होता. बोहारणीनं तो उजेडात धरून दोनदा पाहिला आणि एका शब्दानंही घासाघीस न करता परात पुढे केली. इतकी वर्षं मी त्याच परातीत पीठ मळते आहे.

"ताई..." मी म्हणते.

"ताई म्हणतीयास मला?" ती हसते. "तुज्या पोरीपरास चार वरसांनी मोठी हाय मी. तूच ताई."

तुझ्या पोरीपरास, असं म्हणते ती. माझ्या कानांवर माझा विश्वास बसत नाही.

खोकी हलायला लागतात. नाही, खोकी पट्ट्यावर चढून पुढे निघाली आहेत. आम्ही विमानतळावर रांगेत उभ्या आहोत आणि पट्ट्याच्या पलीकडे आमच्याच स्वयंपाकघराचा ओटा आहे. ओट्यामागे टोपी घातलेला साहेब. तो माझी पिशवी उलटी करतो. त्यातून एकच वस्तू पडते.

"हे काय आहे?" साहेब टाक दोन बोटांत धरून विचारतो.

"देवी," मी म्हणते.

"देवीचं नाव?"

मला साऱ्या देवींची नावं येतात, ओठांवर एकही येत नाही. रांगेतली माणसं माझ्याकडे बघतात. ती सगळी माझ्या सासरच्या गावची आहेत, ज्यांना मी शपथ घातली ती. कोणी काही बोलत नाही. घातलेली शपथ ते इमानानं पाळत आहेत, आणि मला त्यांच्यासमोर भयंकर लाज वाटते.

"सायबाला सांग न्हाईतर नगं सांगू," ती माझ्या मागून म्हणते. "हितं बस."

मी बसते. बाक आहे, माझ्याच वर्गातला. फळ्यावर नकाशा, त्यात नुसतं पाणी. ती मागच्या बाकावर बसली आहे आणि माझा अंबाडा सोडते आहे. तिची बोटं थंड आहेत. आता बघायलाच हवं असं ठरवून मी वळते.

तिला चेहरा नाही. म्हणजे आहे, पण टाकावरचा. डोळ्यांच्या जागी दोन टिंबं, तोंडाची एक रेघ. मी बाकावर मागे सरकते.

"भिऊ नगंस," ती रेघ म्हणते. "तुला माजं तोंड आता ध्यानात न्हाई. फोटू चुलीत घातलंस न्हवं? मग जे ध्यानात हाय त्येच दिसतंय."

ते मी केलं होतं. तीन फोटो होते. तिसऱ्यात तिच्या कडेवर ऋजुता होती, तो सगळ्यात शेवटी घातला. मी वाईट बाई नाही असं मला नेहमी वाटत आलं. आज पहिल्यांदा तसं वाटत नाही.

"काय हवंय तुम्हाला?" मी विचारते. "टाक नेऊ का? नेते. हातातल्या पिशवीत नेते, जहाजानं नाही पाठवत."

"ने न्हाईतर ईक. वितळव. मला काय हुतंय?" ती माझे केस विंचरते. "पर देवी म्हणून नगं ठिवूस. पोरगी रोज माज्या कपाळाला हळद-कुकू लावतीय. धाव्वीला म्हणली, देवी, मला पास कर. मी कशी पास करणार? मी सातवी नापास."

मला हसू येतं, आणि हसता हसता रडू फुटतं.

"पास झालीच की ती," मी म्हणते.

"तू शिकवलंस म्हणून. ते मला दिसत न्हाई व्हय? ताप आला तवा कोण जागलं, त्येबी दिसलं. पर इतकी वरसं ती माज्यापुढं हात जोडतीय, आन् मी तिची कोण ते तिला म्हाईत न्हाई. एक डाव तिला माजं नाव सांग. मग खुशाल मोडीत घाल."

"आणि ती मला सोडून गेली तर?"

हे मी मोठ्यानं म्हणते. इतक्या वर्षांत हे वाक्य मी स्वतःशीसुद्धा उच्चारलेलं नाही. सामानाचं काय घेऊन बसलात, सगळं घर भंगारात गेलं तरी चालेल, पण ही एक पोरगी माझ्या हातून जायला नको. नुसते केस ओढले जातात.

"मी काय करू, ताई? सांगा ना. ती मला सोडून गेली तर?"

"मान सरळ ठेव."

"मान सरळ ठेव," ऋजुता म्हणते.

पंखा. खोकी. मी कुशीवर पडले आहे आणि ऋजुता माझ्या पाठीमागे फरशीवर मांडी घालून बसली आहे. मी हात मागे नेऊन चाचपते. मोकळ्या केसांची वेणी झाली आहे, घट्ट, पाठीवर उतरलेली. बोटांनी पेड मोजते. चार.

"तुला चौपेडी कधीपासून येते?" मी विचारते.

"येत नाही. तीनपेडीच घालत होते. चौथा पेड मध्येच कुठून आला कोण जाणे, बोटं आपोआपच चालली." मग ती जरा थांबते. "तू झोपेत बोलत होतीस. कुणाला तरी ताई म्हणत होतीस. आई, कोण तुला सोडून जाणार आहे?"

कदमकाकूंचं नाव घ्यावं, पंख्याचं काहीतरी सांगावं. थाप तोंडात तयार आहे, वर्षानुवर्षांची सवय. मोडीचा डबा हाताच्या अंतरावर आहे. मी तो ओढते, झाकण काढते, पैंजणांच्या गुंत्यातून टाक सोडवते.

"अगं, देवी मोडीत कशी काय गेली?" ऋजुता म्हणते.

मी हात मागे नेऊन टाक तिच्या तळहातावर ठेवते.

"ही देवी नाही. हिचं नाव शालन. ही तुझी आई."

ती टाकावर वाकते. तिचा श्वास मला मानेवर जाणवतो. खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटर सुरू करायला बघतं आहे, ती होत नाही.

"मग तू कोण?" ती विचारते.

ज्याला मी एवढी वर्षं भ्याले तो प्रश्न हाच. मला तिच्याकडे वळून तिचा चेहरा बघायचा आहे, पण मान वळत नाही. वेणीचं टोक तिच्या मुठीत आहे. मी हळूच ओढून बघते. ती सोडत नाही.