आधी नाली, मग दिल्ली

मंडळी, दुपारपासून माझं हसू थांबत नाहीये, म्हणून लिहायलाच बसले.

आज नगरपंचायतीच्या सभेत मी एक ठराव मांडला. आमच्या बंजारा तांड्यांवरची गोर बोली केंद्र सरकारने राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत, घ्यावी, असा. नगरसेविका झाल्यापासूनचा हा माझा पहिलाच ठराव. मागे प्रेक्षकांत माझी याडी, म्हणजे आई, बसली होती.

मी खाली बसते न बसते तोच ज्येष्ठ सदस्य गुलाबराव उठले. "ताई, इथं माह्या वार्डातली नाली तुंबून राह्यली, अन् तुम्ही दिल्लीच्या गोष्टी कायले करता? दिल्ली आपलं आयकते काय?"

मी म्हटलं, "काका, आपण बोललोच नाही तर दिल्ली आयकणार कशी? अन् तुमच्या नालीले माह्यं पहिलं मत!"

सगळे हसले, काकाही हसले. आधी नाली मंजूर झाली. मग माझ्या ठरावाला अनुमोदन द्यायला स्वतः काकाच उभे राहिले. ठराव एकमताने मंजूर!

अध्यक्षबाई म्हणाल्या, "आता तुमच्या बोलीत वाचून दाखवा." मग मी माइकवर अख्खा ठराव गोर बोलीत वाचून दाखवला.

बाहेर आल्यावर याडीनं माझा हात घट्ट धरला. आमच्या बोलीत जे म्हणाली, ते मराठीत असं: "तू इथं येऊन काय करते, ते मले आज समजलं."

तुमच्या घरची बोली तुमच्या गावच्या सभेत कधी ऐकू आली का? सांगा बरं.