ओटीतला कागद

यंदा पंधरा ऑगस्टला कॉलनीतला झेंडा माझ्या हातून फडकवायचं ठरलं. समितीचा सेक्रेटरी घरी आला. म्हणाला, "दादी, आपकी माँ आज़ादी की लड़ाई में जेल गई थीं न? दो मिनट वही बोल दीजिए."

"नाही गेली."

"थोड़ा तो गई होंगी."

"जेल थोडी असते काय रे?"

तो हसला, मी नाही. आई जेलमध्ये गेली नाही, कारण ती कधी सापडलीच नाही. एवढी हुशार बाई, तिच्याबद्दल खोटं काहून सांगू?

तेव्हा आम्ही याच हिंदी बोलणाऱ्या शहरात, बूढ़ापारा मोहल्ल्यात राहत होतो. वडील इंग्रजांच्या कचेरीत कारकून. मी पाच-सहा वर्षांची. सरकारविरुद्धची पत्रकं आईकडे यायची. कुठून, ते तिनं मरेपर्यंत सांगितलं नाही. शिपाई रस्त्यात पुरुषांच्या थैल्या तपासायचे, पण भरल्या ओटीला हात लावायची त्यांची छाती नव्हती. आईनं तेच धरलं. चैत्राच्या हळदीकुंकवाला ती बायांच्या पदरात आधी घडी केलेला कागद टाकायची, वर तांदूळ, सुपारी, नारळ. बाया ओटी सावरत शिपायांसमोरून घरी जायच्या. मला वाटायचं, ओटी अशीच भरतात.

एका वर्षी पोलीस चौकीच्या जमादाराची बायको आली. अमरावतीकडची, मराठीच. बोलावलं नव्हतं, पण दारात आलेल्या सवाष्णीला ओटी न भरता परत कोण पाठवतं? आईनं नुसते तांदूळ घातले.

मी म्हटलं, "आई, हिचा कागद राहिला." आणि पाटाखालचा एक काढून तिच्या पदरात टाकला.

जमादारीण माझ्याकडे पाहत राहिली. मग तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "येतो बाई."

आईनं मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. संध्याकाळी वडील म्हणाले, "माझी नोकरी गेली समज. तुले धरून नेतील ते वेगळंच." आईनं उरलेले कागद चुलीत घातले, दोन लुगडी बांधून ठेवली आणि मला कोणाकडे सोडायचं तेही ठरवलं. आठ दिवस गेले, महिना गेला. कोणी आलं नाही.

पुढच्या चैत्रात वडील नको म्हणत असताना आईनं हळदीकुंकू केलं. जमादारीण पुन्हा आली. आईनं तांदूळ, सुपारी, नारळ घातला. जमादारणीनं पदर पसरलेलाच ठेवला.

"मागच्या साली भरली होती तशी भरा न," ती म्हणाली. "उद्या माहेरी जाऊन राहिली मी. तिकडेही पाहिजेत."

आईचा हात थांबला. मग तिनं पाटाखालून चार कागद काढले. आईनं ते काम सोडलंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

झेंड्याखाली मी हेच सांगितलं. दोन मिनिटांत बसलं नाही. सेक्रेटरी घड्याळ पाहत होता, त्याला पाहू दिलं. आईइतकंच जमादारणीचंही सांगितलं. तिच्या तर घरातच वर्दी टांगलेली होती. मग तो दोरी ओढायला मदतीला आला. म्हटलं, "राहू दे, माझ्या हातात जोर आहे." एका झटक्यात झेंडा उघडला.