पाण्याच्या इंजेक्शनाची तक्रार

सोलापुरातली ती घटना अजून माझ्या मनातून गेलेली नाही. सत्तरच्या दशकातले ते दिवस. मी तेव्हा तिथे फौजदार होतो. गिरणीचा भोंगा झाला की आमच्या पोलीस ठाण्यात चहा येई. एकदा त्याच वेळी एक विणकर बाई ठाणे अंमलदारापुढे येऊन उभी राहिली. तिच्या नवऱ्याचा हात यंत्रमागात सापडला होता. दवाखान्यात ठेवूनही जखम चिघळतच होती आणि डॉक्टर हात कापण्याची भाषा करू लागले होते.

"सायेब, कंपाउंडर खरं औषध बाहेर विकतो अन् पाणी टोचतो. वॉर्डात समदे तेच बोलतात. हात गेला तर माग कोण चालवंल?"

त्या वॉर्डात इतरांच्याही जखमा चिघळल्या होत्या. आम्ही पंचांसमक्ष औषधाच्या बाटल्या जप्त करून तपासणीला पाठवल्या आणि कंपाउंडरला चौकशीसाठी आणले. मंद्रूपकडचा, पन्नाशीचा माणूस. घरझडतीत काही मिळाले नाही. हवालदाराने दरडावले, "कुणाला विकलंस, बोल!"

"इकलं असतं तर माडी बांधली असती की, हवालदारसाहेब! पत्र्याच्या खोलीत कशाला ऱ्हायलो असतो?" मग माझ्याकडे वळून तो हळूच म्हणाला, "साहेब, बायकू गल्लीत तोंड दाखवंना झालीया."

अहवाल आला : औषध अस्सल. कंपाउंडरला सोडून दिले. मग जखमा का भरेनात? मी पुन्हा वॉर्डात गेलो. विणकराची पट्टी नुकतीच सोडली होती. तिच्यावर हिरवट डाग होते आणि वास गोडसर, नासलेल्या द्राक्षांसारखा. बाहेर बेसिनवर हात-तोंड धुतले, शेजारच्या जाड सोलापुरी टॉवेलने तोंड पुसले, आणि दचकलो. तोच वास! बरे होऊन घरी जाणारे विणकर कृतज्ञतेने दवाखान्याला असे टॉवेल देत. वॉर्डात पट्ट्या बदलणारे सगळे जण साबणाने हात धुवून त्याच ओल्या टॉवेलला पुसत आणि पुढची जखम हाताळत.

टॉवेल मी डॉक्टरांपुढे ठेवला. "पोलिसांचं नाक!" म्हणून ते हसले, पण तपासणी केली. काही दिवसांनी त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाशी बसवले. माळशिरसच्या शाळेत गुरुजींनी कांद्याची साल दाखवली होती, त्यानंतर आज पहिल्यांदाच मी त्यात पाहत होतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी त्याच गुरुजींमुळे झालो.

"जखमेतला आणि टॉवेलवरचा जंतू एकच," डॉक्टर म्हणाले. "आपल्या नेहमीच्या औषधांना तो जुमानतच नाही."

टॉवेल हटवले, औषध बदलले. विणकराची करंगळी गेली, हात वाचला.

बाई तक्रार मागे घ्यायला आली तेव्हा मी तिला वॉर्डात नेले. कंपाउंडर तिच्याच नवऱ्याला पट्टी बांधत होता. ती पाया पडायला वाकली.

"पाया नगं, अक्का. आमच्या गल्लीत येऊन एवढंच सांग, मी पानी टोचलं न्हाय."

त्या संध्याकाळी ती त्याच्या गल्लीत गेली, आणि तिच्याबरोबर गणवेशात मीही गेलो. आम्हाला गुन्ह्यामागचा हेतू शोधायला शिकवतात. इथे कुणाचाच हेतू वाईट नव्हता. पुढे नोकरीत कितीतरी माणसे निर्दोष ठरली. त्यांना ठाण्यातून सोडून दिले की काम संपले, असे मी पुन्हा कधी मानले नाही. गल्लीपर्यंत सोबत गेलो.