रिकाम्या खुर्च्यांपुढे

अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या ताईचा फोन आला. "आम्हाला मत देऊन आमच्या पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायचाय. मला हा एक बरा वाटतो. तू वर्तमानपत्रात आहेस, त्याचा प्रचार नीट बघून सांग ना."

मी त्याची भाषणं बघायला बसलो. प्रत्येक गावात तो आपल्या वारलेल्या मुलीबद्दल बोलायचा. "ती आज असती तर..." म्हणून थांबायचा आणि त्याचे डोळे भरायचे. दोन गावांची भाषणं मी एकदम लावून पाहिली. दोन्हीकडे हुंदका एकाच क्षणी आला. नाटकी माणूस, असं मी वहीत लिहिलं.

मग सभेआधी कुणीतरी टिपलेलं एक चित्रण सापडलं. सभागृह रिकामं होतं. मंचावर एकट्यानेच उभं राहून तो तेच वाक्य म्हणाला, तसाच थांबला, तसाच रडला. नंतर मान जराशी वळवून, कुणी उत्तर देत असावं तसा ऐकत राहिला, आणि हसला.

वहीतली ओळ मी खोडली.

"खोटा आहे का रे?" ताईने रात्री विचारलं.

"नाही गं," मी म्हणालो. "पण तो तुमच्याशी बोलतच नाहीये."