बेडूक, कासव आणि मधली काच

भटजींनी अंतरपाट ओढून घेतला, बँड वाजला, अक्षता पडल्या आणि त्याच क्षणी स्टेजच्या बाजूला ठेवलेल्या टँकमध्ये नवरदेवाच्या बेडकानं नवरीच्या कासवाचा पुढचा पाय तोंडात धरला.

दोघांना वेगळं ठेवणारी काच तेव्हा माझ्या हातात होती. ती मीच नुकती उचलली होती.

आदिलाबादच्या बाजारात माझं ॲक्वेरियमचं दुकान होतं. आता ते मुलगा चालवतो. सगळं गाव मला माशेवाले काका म्हणतं. या लग्नाची गोष्ट आमच्या भागात बरीच फिरली आहे आणि तिच्यात माझ्या नावावर एक वाक्य सांगितलं जातं. ते वाक्य मी बोललो होतो, आणि ते खोटं होतं. म्हणून पहिल्यापासून लिहितो.

नवरी शीतल. शेजारच्या मावल्याला भाजीपाला पिकवणाऱ्या किसनरावांची मुलगी. इंटरला, म्हणजे बारावीला असताना तिनं माझ्याकडून लाल कानाचं परदेशी कासव नेलं. (आपल्या तळ्यातलं कासव घरी ठेवणं गुन्हा आहे. नव्या गिऱ्हाइकाला मी हे सगळ्यात आधी सांगायचो.) तेव्हा ते कापसाच्या बोंडाएवढं होतं, म्हणून नाव बोंडी. लग्नापर्यंत तळहाताएवढं झालं होतं.

नवरदेव राजेश. मंचेरियलला कोळसा खाणीच्या ऑफिसात नोकरीला. त्याच्याकडे दक्षिण अमेरिकेतला एक बेडूक होता. गोल, लठ्ठ, दहीवड्याला तोंड फुटावं तसा. नाव साहेब. दिवसभर एका जागी बसतो आणि समोर येईल ते खातो, म्हणून साहेब. राजेश मुलगी पाहायला आला तेव्हा पोह्यांना हात लावायच्या आधी त्यानं कासवाच्या टँकवरचा बल्ब किती वॅटचा आहे ते विचारलं. शीतलनं तिथंच होकार ठरवला असावा.

पुढं दोन्ही घरची मंडळी माझ्या दुकानात आली. राजेशची आई कमलबाई पुढं, किसनराव एक पाऊल मागं, मुलं दाराशी.

"काका, एकच टाकी बनवा," कमलबाई म्हणाल्या. "मोठी. रुखवतात मांडू. दोघांचं लगन होऊन राह्यलं, तं जनावरं काऊन अलग ठेवाची?"

मी समजावून सांगितलं. कासव हा सरपटणारा प्राणी. त्याला पोहायला खोल पाणी लागतं आणि अंग शेकायला बल्बखाली कोरडा दगड लागतो. ते पाण्यातच खातं आणि पाण्यातच घाण करतं. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, कातडीनं पितो. कासवाच्या पाण्यात त्याला बसवणं म्हणजे माणसाला तोंड उघडून नालीत बसवणं. शिवाय हा जातीचा बेडूक असून त्याला धड पोहता येत नाही. खोल पाण्यात बुडेल, बल्बखाली सुकेल. आणि तोंडासमोर जे हललं ते त्याच्या मते अन्न.

इथपर्यंत मी बरोबर होतो. मग मी म्हणालो, "ताई, माझं आपलं मत, दोन टँक केले तर बरं राहील. बाकी तुम्ही म्हणाल तसं."

कमलबाईंनी डोळे बारीक केले. "म्हंजे लग्नाच्या आधीच येगळं निंघा म्हणता?"

किसनरावांच्या तोंडचं पाणी पळालं. "नाई हो विहीणबाई! आमची पोरगी येगळी नाई राहणार! काका, काहून असं बोलता तुमी?"

पाच मिनिटांत टँकचा विषय राहिला बाजूला. कोणाच्या सुनेनं कोणाला वेगळं केलं, कोणाची चूल कशी फुटली, यावर बोलणं गेलं. राजेश दारातून म्हणाला, "आई, तो खाऊन टाकंन तिले."

"तुहा बाप बी मले पयले असाच वाटे," कमलबाई म्हणाल्या.

त्या वेळी मी सरळ "नाही" म्हणायला हवं होतं. पण दुकानदारीत वडीलधाऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणत नाहीत, आणि कोणाच्या विहीणबाईला तर कधीच नाही. मी मधला रस्ता काढला. टँक एक, मधोमध खाचेत बसवलेली काच. एका बाजूला पाणी, दगड, बल्ब. दुसऱ्या बाजूला नारळाच्या भुशाची ओली माती. बाहेरून पाहणाऱ्याला एकच घर. कमलबाई खूश, किसनरावांचा जीव भांड्यात. मीही स्वतःवर खूश होतो. काच वर सरकवून काढता येईल अशी बसवली, साफसफाईला सोपी म्हणून.

लग्न मावल्याच्या फंक्शन हॉलमध्ये होतं. रुखवताच्या टेबलावर तांदळाचं देऊळ, लाडवांचा डोंगर आणि मधे टँक. मी नीट मांडून बाजूला झालो तोच कमलबाई आल्या.

"काका, अंतरपाट निंघाला का तुमी काच काढा."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी काचेवर हात ठेवला. "ताई, काच जरा नंतर..."

"नंतर काऊन? यायचा अंतरपाट निंघन अन् त्यायचा राहीन? लोकं काय म्हणतीन?"

"तसं नाही, पण बेडूक जरा..."

"बेडकाले मी समजावते."

आणि खरंच त्या टँकपाशी वाकून काहीतरी बोलल्या. साहेब ढिम्म बसला होता. मी म्हणालो, "बरं, बघू." त्यांनी ते हो धरलं, आणि मी धरू दिलं. मंगलाष्टकं संपत आली तेव्हा त्या स्टेजवरून माझ्याकडे टक लावून पाहत होत्या. मी काच उचलली.

एवढा जड प्राणी एवढ्या वेगानं उडी मारेल असं कोणाला वाटणार नाही. बोंडीनं पाय कवचात ओढून पाहिला. पाय आला नाही, पायाबरोबर साहेबाचं तोंडच कवचापाशी आलं. बँड थांबला. मागून एक म्हातारा ओरडला, "अपशकुन हाय!" कमलबाई मटकन खाली बसल्या. त्यांच्याकडची चार माणसं उठून उभी राहिली, आणि लग्नात पाहुणे असे उठले की चपलाच शोधतात.

किसनराव धावत माझ्याकडे आले. हात जोडलेले. "काका, हे काय झालं? तुमी तं जाणकार. सांगा ना यायले काहीतरी!"

सगळा हॉल माझ्याकडे पाहत होता. अपशकुन म्हटलं तर लग्न मोडलं. बेडकाला भूक लागली असेल म्हटलं तर काच मी काढली होती. मी मोठ्यानं म्हणालो,

"शुभ आहे. त्यानं तिचा हात धरला."

हॉलमध्ये एक मोठा श्वास सुटला. भटजी हुशार माणूस. लगेच म्हणाले, "पाणिग्रहण!" बँड पुन्हा सुरू झाला. उठलेले चौघे फोन काढून टँकभोवती उभे राहिले.

मी हात आत घातला तर कमलबाईंनी माझं मनगट पकडलं. "काय करून राह्यले? धरलेला हात सात फेऱ्यांच्या आधी सोडवतात का?"

आता सांगायचं काय? जाणकार म्हणून मीच शुभ ठरवलं होतं. या बेडकाच्या जबड्यात दातासारखी टोकं असतात. धरलं की सोडत नाही. वेळ गेला तर कासवाचं बोट जातं, नाहीतर गिळता गिळता बेडूक गुदमरतो. स्टेजवर शीतल हार गळ्यात घालून रडत होती. "काका, सोडवा ना तिले!" शेजारची मावशी म्हणाली, "रडू द्या. घर सोडाचं हाय पोरीले."

मला एकच सुचलं. "सप्तपदी त्यांचीही व्हायला पाहिजे," मी म्हणालो. "टँकमध्ये कशी होईल?"

हे सगळ्यांना पटलं. निदान दोघं बाहेर तर येतील, एवढाच माझा हेतू होता. स्टीलच्या ताटात ओला रुमाल अंथरून मी दोघांना त्यावर ठेवलं, आणि पुढं नवरा-नवरी, मागं ताट घेऊन मी, अशी आमची सप्तपदी निघाली. लोक ताटावर अक्षता टाकत होते. एका बाईनं बोंडीच्या पाठीवर कुंकू लावलं. साहेबाला लावायला गेली तेव्हा मी ताट डोक्यावर धरलं. बेडकाची कातडी सगळं पिते, कुंकूसुद्धा. लोकांना वाटलं मी मान देतो आहे. मागून कोणीतरी माझ्याही पाया पडलं.

सहावं पाऊल झालं आणि शीतल थांबली.

"सातवं टाक, पोरी," भटजी म्हणाले.

"नाई. पयले तिचा पाय सोडवा."

"अवं, शुभ हाय ते!" कमलबाई कळवळून म्हणाल्या. "काका म्हणले ना."

शीतल वळली. डोळे लाल, आवाज मात्र एकदम शांत. "काका, खरं सांगा. शुभ हाय?"

तिला मी इंटरला असल्यापासून ओळखत होतो. तिच्या कासवाचा पहिला टँक मी भरून दिला होता. मी तिच्याकडे पाहिलं, कमलबाईंकडे पाहिलं आणि म्हणालो, "कोणाकडं आधार कार्ड आहे का?"

राजेशच्या खिशात होतं. लग्नाच्या नोंदणीसाठी आणलेलं, लॅमिनेट केलेलं. तो नवरदेवाच्या कपड्यांत जमिनीवर गुडघे टेकून बसला. मी साहेबाच्या तोंडावर गार पाणी सोडलं, राजेशनं कार्डाचा कोपरा हळूच जबड्यात सरकवला. साहेबानं तोंड उघडलं. बोंडी पूर्ण कवचात गेली. एक नख तुटलं होतं, बोट शाबूत होतं. मग साहेबानं मान वळवून राजेशचं बोट धरलं.

त्या दिवशी त्याला काहीतरी खायचंच होतं.

"हं, आता चाल," शीतल म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसली. सातवं पाऊल राजेशनं बेडूक बोटाला लटकवूनच टाकलं. कमलबाई सगळ्या हॉलला सांगत होत्या की बेडकानं नवऱ्या मुलाला आशीर्वाद दिला.

मंचेरियलला आता दोन टँक आहेत, दोन खोल्यांत. दुसरा कमलबाईंनीच मागवला. फोनवर म्हणाल्या, "पोराचं बोट सुजून राह्यलं काका. येगळं म्हंजे येगळंच बरं." संसार एकत्र आहे. बोंडी आणि साहेब दोघं धडधाकट आहेत.

इथं गोष्ट संपती तर मला लिहायची गरज नव्हती. पण "बेडकानं कासवाचा हात धरला तर शुभ, माशेवाले काका म्हणाले" हे वाक्य व्हिडिओसोबत गावोगाव गेलं. लग्नसराईत माझ्याकडे अंतरपाटवाला टँक मागायला लोक येऊ लागले. मी बनवून दिले. प्रत्येकाला खाली मान घालून सांगितलं, शक्यतो काच काढू नका. प्रत्येकानं काढली.

मग नेरडीगोंड्याहून एक गृहस्थ आले. पिशवीत मेलेलं कासव होतं. परदेशी बेडूक मिळाला नाही म्हणून त्यांनी शेतातला धरून आणला होता, कोरड्या खरबरीत पाठीचा. त्याच्या डोक्यामागं विषाच्या गाठी असतात. कासव त्याला चावलं आणि मेलं. मुलगी दोन दिवस जेवली नव्हती म्हणाले. रागावले अजिबात नाहीत. फक्त विचारलं, "काका, आमचं काय चुकलं? तुमी सांगतलं तसंच तं केलं."

मी म्हणालो, पाण्यात काहीतरी असेल.

तर त्या गृहस्थांना, त्यांच्या मुलीला आणि नव्यानं हा छंद करणाऱ्या सगळ्यांना सांगतो. पाण्यात काही नव्हतं. तुमचं काही चुकलं नव्हतं, माझं चुकलं. कासव वेगळं, बेडूक वेगळा. पाणी, जाळी, भांडी सगळं वेगळं. एकाला हात लावला की साबणानं धुवून मग दुसऱ्याला. शेतातला बेडूक शेतात राहू द्या. कासव मोठं झालं म्हणून मावल्याच्या तलावात सोडू नका, दुकानात परत आणा, मुलगा घेईल. आणि शकुनाचं म्हणाल, तर राजेशनं मला नंतर कबूल केलं की हळदीच्या गडबडीत साहेबाला जेवायला घालायचं राहून गेलं होतं. शकुन तेवढाच.

मागच्या आठवड्यात फोन आला. आवाज बाईचा, मान देणारा. "नमस्कार काका. भाचीचं लगन हाय. थे अंतरपाटवाली टाकी बनवता ना तुमी?"

"नाही," मी म्हणालो.

"हॅलो? काका? आवाज कटून राह्यला."

"कटला नाही, ताई," मी म्हणालो. "नाही म्हणालो."