साडीच्या घडीतलं पुस्तक

परतूरच्या बाजारात माझं फॉल-पिकोचं दुकान आहे. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. मशीन आत ठेवलं की मी अर्धी बाहेर. माझी जीभ माझ्या कात्रीपेक्षा धारदार आहे असं गिऱ्हाईक म्हणतं, आणि ते खोटं नाही. पण एका बाबतीत ही जीभ वर्षानुवर्षं गप्प होती. नवरा जाताना मला एचआयव्ही देऊन गेला, हे मी सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं. ठरल्या दिवशी सकाळच्या गाडीनं जालन्याला जायचे ते दोरे-अस्तर आणायला, असं सगळ्यांना माहीत होतं. दोरे-अस्तर आणायचेच, पण त्याखाली गोळ्यांची बाटली असायची.

भाभी मला तिथंच भेटल्या. आमच्याच बाजारातल्या मोठ्या कापड दुकानाच्या त्या मालकीणबाई. घर मारवाडी, पण इतक्या पिढ्या इथं काढलेल्या की भांडण मराठीतच व्हायचं. त्या दिवशी जालन्याच्या दवाखान्यात, गोळ्यांच्या सेंटरमध्ये शेवटच्या बाकावर एक बाई हनुवटीपर्यंत पदर ओढून बसली होती. चप्पल सरळ करायला ती वाकली, साडीचा काठ उलटला आणि मला आतला टाका दिसला. तो टाका माझा होता. मी शेजारी जाऊन बसले आणि हळूच म्हणाले, "भाभी, फॉल उसवलाय. आणून द्या." बाईनं तो काठ असा घाईनं पायाखाली दाबला की मला माझ्या थट्टेची लाज वाटली.

त्यांचे यजमान काविळीनं गेले, असं भाभींनी घरात सांगितलं होतं. दुकान दीर बघायचे. जालन्याच्या बाजारात दर चार दुकानांमागे एक त्यांचा सोयरा. "कोणी बघितलं तर माझ्या मुलाला मुलगी कोण देणार, ताई?" एवढंच त्या पुन्हापुन्हा म्हणत राहिल्या. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "तुमचं पुस्तक माझ्यापाशी द्या. मी आणत जाईन तुमच्या गोळ्या."

तेव्हापासून आमची एक रीत पडली. फॉलसाठी साड्यांचा गठ्ठा यायचा, तो मी त्यांच्या दुकानाच्या मागच्या दारातून घ्यायची. मधल्या साडीच्या घडीत त्यांचं हिरवं पुस्तक असायचं, दवाखान्याचं, ज्यात दर खेपेची नोंद होते. गोळ्या आणल्या की बाटलीत कापूस कोंबायची, म्हणजे खुळखुळ वाजत नाही, आणि त्याच घडीत परत. भाभी स्वतः वर्षातून एकदा यायच्या, रक्त तपासायला, आणि सुई निघते न निघते तोच पदर ओढून जिना उतरायच्या.

सेंटरच्या सिस्टर दर खेपेला तेच प्रश्न विचारायच्या. खोकला? ताप? वजन उतरलं? अंगावरून पांढरं जातं? मधेच रक्त? मी माझं "न्हाई" सांगायची. मग दुसरं पुस्तक पुढं सरकवून पुन्हा "न्हाई" म्हणायची. त्या लिहून घ्यायच्या. भाभींना विचारायला हवं, हे माझ्या डोक्यातच यायचं नाही. बाई चालते, बोलते, गिऱ्हाइकाला अंगाला लावून साडी दाखवते, तिला काय झालंय?

मग एकदा सिस्टरनी सगळ्या बायकांना बसवून सांगितलं. एचपीव्ही नावाचा आणखी एक विषाणू असतो. तो पुष्कळ बायकांना होतो आणि बहुतेकींच्या अंगातून आपोआप निघून जातो. "पण तुमच्या अंगात त्याला हाकलायची ताकद कमी. तो बसून राहतो, अन् काही वर्षांनी गर्भपिशवीच्या तोंडाला कॅन्सर करू शकतो. आधी कळलं तर जागच्या जागी बरं होतं. पाच मिन्टाचं काम हाय, लाजू नका." मी लाजले, पण टेबलावर झोपले. त्यांनी औषधाचा बोळा लावून बघितलं. एक पांढरा डाग होता. तो त्यांनी त्याच दिवशी गरम यंत्रानं शेकून टाकला. पोटात जरा कळ आली, बाहेर येऊन मी चहा प्यायले आणि दोरे घेऊन घरी आले. माझा जीव एवढ्यात वाचला, हे तेव्हा मला कळलंही नाही.

सिस्टर म्हणाल्या, "तुमच्या त्या दुसऱ्या बाईंना कधी आणता?"

"आणते की."

भाभींना मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "ताई, मुलाची सगाई आहे. लग्न होऊ द्या, मग बराबर येते." लग्न झालं. बाजारात चार दिवस त्याच लग्नाची चर्चा होती. मी विचारलं की त्या म्हणायच्या, "नवी सून घरात आहे, आत्ता कशी निघू?" मीही फार ताणलं नाही. खरं सांगू? मला भीती होती. भाभींना विचारून काही निघालं, आणि सिस्टरपाशी "पांढरं जातं" म्हणाले, तर त्या म्हणतील, बाईला घेऊन या, मगच बोलू. मग भाभी यायच्या नाहीत आणि गोळ्या बंद पडतील. म्हणून न विचारताच मी "न्हाई" म्हणत राहिले. सिस्टर विचारायच्या, मी दोघींचं उत्तर द्यायची.

त्याच वर्षी गठ्ठ्यात जुन्या मऊ सुती साड्या यायला लागल्या. चिठ्ठी असायची: घड्या करून कडा शिवून द्या. मी ओळखलं, पाळीत घ्यायला. पण भाभींची पाळी जाऊन कितीतरी दिवस झाले होते. विचारलं, तर म्हणाल्या, "सुनेला लागतात." मी शिवल्या. वर चेष्टा केली, "भाभी, सून जुन्या वळणाची मिळाली हो!" त्या हसल्या.

सून कॉलेज शिकलेली पोरगी, समोरच्या मेडिकलमधून काळ्या पिशवीत पॅडचं पाकीट नेताना मीच तिला बघितलं होतं. ती जुन्या लुगड्याच्या घड्या वापरेल? बाजारात कोणाच्या घरी काय शिजतं ते सांगणारी मी, आणि माझ्या मशीनखालून जाणारं कापड मला कळलं नाही. की कळून घ्यायचं नव्हतं? ह्या प्रश्नाशी मी अजून भांडते.

एका दुपारी भाभी स्वतः दुकानात आल्या, स्टुलावर बसल्या. उठल्या तेव्हा स्टुलावर रक्ताचा डाग होता. त्यांनी तो पदरानं पुसला आणि माझ्याकडं बघितलं.

"कधीपासून?"

"आठ-नऊ महिने झाले."

दुसऱ्या दिवशी त्या माझ्यासोबत जालन्याला आल्या, गाडीत शेजारी बसून, पदर डोक्यावरच ठेवून. तोंड झाकायचं त्या विसरल्या होत्या. सिस्टरनी तपासलं आणि बाहेर येऊन हात धुतले. मग हिरवं पुस्तक उघडलं. पानामागून पान, प्रत्येक खेपेला 'नाही'.

"हे कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता.

भाभी म्हणाल्या, "मीच. मी ताईंना सांगून ठेवलं होतं, नाही म्हणा म्हणून."

त्यांनी मला असं काहीही सांगितलं नव्हतं.

पुढं संभाजीनगरचा मोठा दवाखाना, कॅन्सरवरचे लाइटचे शेक, सलाईन. घरच्यांना सगळं कळलं. मुलगा आईला सोडून गेला नाही, सुनेनं सासूचे कपडे हातानं धुतले. ज्यांच्या भीतीनं भाभींनी एवढी वर्षं तोंड झाकलं, ती माणसं अशी निघाली. हे बघून मला बरं वाटायला हवं होतं. मला रडू आलं, कारण मग झाकलं कशासाठी?

शेवटचं भेटायला गेले तेव्हा मी विचारलं, "भाभी, त्या दिवशी माझं पाप तुमच्या अंगावर का घेतलं?"

त्या म्हणाल्या, "तुम्ही माझ्यासाठी किती वर्षं खोटं बोललात. मी एकदाच बोलले, ताई." आणि माझा हात दाबायचा प्रयत्न केला. हातात जोर नव्हता.

त्या गेल्या त्या दिवशी त्यांच्या दुकानासमोर गर्दी होती. मी पिकोवाली, माझं नातं काय सांगणार? गळ्यात टेप तसाच, रस्त्याच्या पलीकडं उभी राहिले. त्यांना नेसवलेली साडी नवी होती. तिला फॉल लावलेला नव्हता. मला तेवढंच दिसत होतं.

पुढच्या खेपेला मी सेंटरवर गेले. सिस्टरनी माझं पुस्तक उघडून विचारलं, "पांढरं जातं? मधेच रक्त?"

"न्हाई," मी म्हणाले.

त्यांनी लिहिलं. आणि सवयीनं माझ्या तोंडून पुन्हा निघालं, "न्हाई."

सिस्टरचा पेन थांबला. टेबलावर एकच पुस्तक होतं.